किताब एक, धनी दोन: मारच्या अर्लची वारस-भानगड

मागच्या अंकात आपण स्कॉटलंडच्या पडक्या किल्ल्यांचं फोटोपान छापलं होतं. त्यात किल्ड्रमी नावाच्या किल्ल्याखाली एवढीच ओळ होती, "मारच्या अर्लचा किल्ला, आणि मारचे अर्ल आज एक नाही, दोन आहेत." (अर्ल म्हणजे तिकडच्या बड्या सरदाराचा वंशपरंपरेचा किताब.) त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संत्र्याच्या झाडावरच्या डिंक्याबद्दलचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलले, काटोल-नरखेडवाल्यांनी राग मानू नये. या वेळी फक्त मार.

दादा, एकाच टायटलचे दोन मालक कसे काय? आमच्या इकडे एका प्लॉटच्या दोन रजिस्ट्र्या निघाल्या की थेट पोलिस स्टेशन गाठावं लागते. तिथं कोणी काहीच बोललं नाही का? आणि हे मार आहे तरी कुठं?
(एक वाचक, महाल)

बोलले ना भाऊ, चांगले वीस वर्षं बोलले, शेवटी पार्लमेंटला कायदा करावा लागला.

आधी जागा सांगतो. मार म्हणजे स्कॉटलंडच्या ईशान्येला डी आणि डॉन या दोन नद्यांच्या मधला डोंगराळ पट्टा, आजच्या अ‍ॅबर्डीनशायरमधला. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या तो बाल्मोरलचा वाडा याच पट्ट्यात येतो, आणि ते घागरे घालून लाकडाचे ओंडके फेकायचे खेळ चालतात ते ब्रेमारही इथलंच. इथल्या सरदाराला जुन्या गेलिक (तिथली जुनी भाषा) काळात मोरमेर म्हणायचे. राजाच्या खालोखाल त्याचा मान, लढाई आली की आपल्या मुलखातली माणसं जमवून न्यायची, वसुली आणि न्यायनिवाड्यातही त्याचा हात. १०१४ मध्ये डब्लिनजवळ क्लॉन्टार्फची मोठी लढाई झाली, तिच्यात ब्रायन बोरू या आयरिश राजाच्या बाजूनं लढताना मारचा मोरमेर डोनाल मेला, अशी नोंद आयरिश बखरीत आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या सहाशे वर्षं आधी हे पद होतंच, आणि तेव्हाही काही नवीन नसावं. पुढे बाराव्या शतकात डीअर नावाच्या मठात एक छोटंसं बायबलचं पुस्तक होतं, त्याच्या कोऱ्या जागांमध्ये साधूंनी गेलिकमध्ये जमीनदानाच्या नोंदी लिहून ठेवल्या, अमक्यानं अमकं शेत मठाला दिलं, साक्षीदार अमुक तमुक, आणि त्या साक्षीदारांत मारचा मोरमेर रुआद्री दिसतो. ते पुस्तक आता केंब्रिज विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. लॅटिन आणि इंग्रजी कागद आले तसा हाच मोरमेर अर्ल झाला, माणूस तोच, घराणं तेच.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढची सगळी भानगड तिथूनच निघते. कोण्या राजानं अमक्या दिवशी अमक्याला मारचा अर्ल केलं, असा सुरुवातीचा कागदच नाही. पद कागदाच्या आधीचं आहे. आणि वारस कोण यावरून मारामारी पण तेवढीच जुनी, १२५७ मध्ये अ‍ॅलन दरवर्ड नावाच्या बड्या सरदारानं थेट पोपकडे तक्रार लावली की सध्याच्या अर्लचे बाप-आजे औरस नव्हतेच, किताब आमचा आहे. त्याला काही मिळालं नाही, पण आरोपाची पद्धत बघा.

दोन मालकांचं उत्तर थोडक्यात असं: १८६६ मध्ये मारचा अर्ल जॉन फ्रान्सिस मिलर अर्स्किन मूलबाळ नसताना वारला. त्याच्याकडे दोन किताब होते, मार आणि केली. केलीचा किताब फक्त पुरुषांच्या वंशात चालायचा, तो चुलत घराण्यात गेला, त्यावर वाद नाही. मारसाठी मात्र दोन जण उभे राहिले, एक सख्ख्या बहिणीचा मुलगा आणि दुसरा तोच चुलत घराण्यातला केलीचा अर्ल. भाचा म्हणे मार बायकांकडूनही चालते, पूर्वी चाललेला आहे. केली म्हणे नाही चालत. शेवटी दोघंही अर्ल झाले. कसे झाले ते खालच्या तहसीलदार साहेबांच्या प्रश्नात येते, कारण त्यांनी बरोबर कागदावरच बोट ठेवलंय.

सर, मध्ययुगात बाईच्या नावावर किताब असू शकायचा का? मी हिस्टरीची स्टुडंट आहे. मारच्या इसाबेलाबद्दल वाचलं की तिनं किल्ल्याच्या दारात नवरा निवडला. हे रोमँटिक आहे की काही वेगळंच?
(बी.ए. तृतीय वर्ष, प्रतापनगर)

वेगळंच आहे गं पोरी, खूपच वेगळं.

बाईच्या नावावर असायचा, हो. मारचा अर्ल थॉमस १३७० च्या दशकात निपुत्रिक गेला तेव्हा किताब त्याच्या बहिणीकडे, मार्गारेटकडे आला. तिचा नवरा विल्यम, डग्लसचा अर्ल, तेव्हाचं स्कॉटलंडमधलं सगळ्यात दांडगं घराणं. त्यांचा मुलगा जेम्स १३८८ मध्ये ऑटरबर्नच्या लढाईत इंग्रजांशी लढताना मेला, लढाई स्कॉटिश फौजेनं जिंकली पण सेनापती गेला. मग मारची मालकीण झाली त्याची बहीण इसाबेला. तिचं लग्न सर माल्कम ड्रमंडशी झालेलं, हा राजा तिसऱ्या रॉबर्टचा मेहुणा, म्हणजे पाठीशी दरबार. पण १४०२ च्या सुमारास कोणीतरी ड्रमंडला पकडून नेलं आणि तो कैदेतच मेला. मुलं नाहीत, भाऊ नाही, नवरा नाही, आणि नावावर सगळा मुलूख आणि उत्तरेतला एक सगळ्यात भक्कम दगडी किल्ला. तू समजून घे काय होणार होतं.

१४०४ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर स्टुअर्ट नावाचा तरुण आपली माणसं घेऊन आला आणि किल्ड्रमी त्यानं ताब्यात घेतला, आत इसाबेला. हा अलेक्झांडर म्हणजे राजाचाच पुतण्या, पण अनौरस, आणि याचा बाप तो कुप्रसिद्ध 'बेडनॉखचा लांडगा', ज्यानं बिशपशी भांडण झालं म्हणून १३९० मध्ये एल्गिनचं अख्खं कॅथेड्रल जाळलं. ड्रमंडच्या मरणामागेही अलेक्झांडरचाच हात असावा असा संशय तेव्हापासून आजपर्यंत चालत आलाय, पुरावा नाही. १२ ऑगस्टला इसाबेलानं एक कागद करून दिला: मी याच्याशी लग्न करते, अर्लडम (म्हणजे अर्लचा किताब आणि मुलूख) याला, आमच्या मुलांना, आणि मुलं झाली नाहीत तर याच्या वारसांना. शेवटची ओळ वाच पुन्हा. बाईचा वंश संपला तर मुलूख बाईच्या नातलगांकडे नाही, कब्जा करणाऱ्याच्या खानदानात. ही इसाबेलाची मर्जी होती असं कोणी म्हणत असेल तर म्हणो बापडा.

राजाची मंजुरी या कागदाला काही मिळाली नाही. मग त्याच वर्षी ९ डिसेंबरला तो दारातला प्रसंग झाला जो तू वाचलास. बाहेर मैदानात बिशप ऑफ रॉस, आजूबाजूचे सरदार, मारची कुळं, सगळे जमलेले. अलेक्झांडर सगळ्यांसमोर आला आणि किल्ला, आतली चांदीची भांडी, सामानसुमान, घराण्याचे कागदपत्र, सगळं परत करतो असं म्हणून किल्ल्याच्या किल्ल्या इसाबेलाच्या हातात दिल्या, तुम्हाला वाटेल ते करा. आणि इसाबेलानं त्या किल्ल्या हातात धरून, आपल्या खुशीनं, कोणाच्या दबावाखाली नाही असं जाहीर करून त्यालाच नवरा म्हणून निवडलं. थंडीचे दिवस, सूर्य चार वाजायच्या आत बुडतो तिकडे, आणि त्या मैदानात सगळा तमाशा. खुशी किती असेल ते ज्यानं त्यानं ठरवावं, किल्ल्याभोवती माणसं कोणाची उभी होती ते मात्र विसरायचं नाही.

पण मला या प्रसंगात प्रेमापेक्षा दुसऱ्या कागदातली एक ओळ जास्त इंटरेस्टिंग वाटते. या वेळी लिहिलं गेलं की दोघांना मूल झालं नाही तर अलेक्झांडर जिवंत असेपर्यंत त्याचं, आणि नंतर इसाबेलाच्या कायदेशीर वारसांचं. ऑगस्टमधली ओळ डिसेंबरमध्ये उलटी झाली. ही ओळ इसाबेलानं घालून घेतली की बिशपनं की मंजुरीसाठी दरबारानं अट घातली ते कागदात येत नाही, पण कोंडीत सापडलेल्या बाजूनं मारलेली ही जबरदस्त चाल आहे आणि पुढे पावणेपाचशे वर्षांनी लंडनमध्ये वकील याच ओळीवर भांडले. जानेवारी १४०५ मध्ये राजानं हा दुसरा कागद मंजूर केला.

इसाबेला चारेक वर्षांतच गेली, मूल नाही. अलेक्झांडर मात्र मोठा माणूस झाला, हेही सांगायला पाहिजे. १४०८ मध्ये तो आजच्या बेल्जियममधल्या लिएजजवळच्या लढाईत जाऊन आला आणि तिकडच्या डफेल नावाच्या जहागिरीची मालकीण असलेल्या बाईशी दुसरं लग्न करून बसला (मालकिणी शोधायचं कसब होतंच अंगात). २४ जुलै १४११ ला हार्लॉच्या लढाईत पश्चिमेच्या बेटांचा स्वामी डोनाल्ड अ‍ॅबर्डीन लुटायला निघाला होता त्याला यानं अडवलं, अ‍ॅबर्डीनचा नगरप्रमुख रॉबर्ट डेव्हिडसन त्या लढाईत मेला, रक्त एवढं सांडलं की लोक 'लाल हार्लॉ' म्हणू लागले. डाकूपणानं सुरुवात करून प्रांताचा रखवालदार झालेले असे लोक आपल्याही इतिहासात कमी नाहीत.

नमस्कार. मी महसूल खात्यातून रिटायर झालो, आयुष्य फेरफार आणि वारस नोंदीत गेलं. तुमच्या त्या अर्लच्या केसमध्ये कागद काय म्हणतात ते सांगा, गोष्टी नको. शेवटचा वैध दस्त कोणता?
(निवृत्त नायब तहसीलदार, मानेवाडा)

साहेब, तुमच्यासमोर ही फाईल आली असती तर तुम्ही पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला असता. क्रमानं सांगतो, गोष्ट आलीच मध्ये तर चालवून घ्या.

१४०५ ची मंजुरी धरली तर अलेक्झांडर फक्त हयातीपुरता वहिवाटदार, नंतर मुलूख इसाबेलाच्या वारसांचा. तरी १४२६ मध्ये या गड्यानं काय केलं, अर्लडम राजा पहिल्या जेम्सच्या स्वाधीन केलं आणि राजाकडून परत घेतलं, नव्या अटीसह: माझ्यानंतर माझा अनौरस मुलगा थॉमस, आणि तो निपुत्रिक गेला तर सगळं राजाला. जे आपलं नाहीच ते त्यानं सरेंडर केलं आणि राजानं डोळे मिटून घेतलं, कारण शेवटी फायदा राजाचाच. थॉमस बापाआधी मेला. १४३५ मध्ये अलेक्झांडर मेला. राजानं मुलूख खालसा केला.

तेवढ्यात खरा वारस उभा राहिला, सर रॉबर्ट अर्स्किन. याची वंशावळ तुम्हाला आवडेल. इसाबेलाच्या आजोळचा जुना अर्ल गार्टनेट, त्याची मुलगी एलिन, एलिनची मुलगी क्रिश्चन, क्रिश्चनची मुलगी जॅनेट, आणि जॅनेटचा मुलगा हा रॉबर्ट. एकामागे एक तीन बायका, मध्ये एकही पुरुष नाही. १४३८ मध्ये स्थानिक पंचांनी चौकशी करून त्याला इसाबेलाचा वारस ठरवलं, आधी एप्रिलमध्ये अर्ध्या हिश्श्याचा, मग ऑक्टोबरमध्ये उरलेल्या अर्ध्याचा. नोंद झाली म्हणा. तो स्वतःला मारचा अर्ल लिहू लागला. पण ताबा मिळेना, कारण समोर सरकार. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स स्वतः अ‍ॅबर्डीनला आला, पंच बसवले आणि आधीचा निकाल चूक म्हणून रद्द करून टाकला. वादी सरकार, न्यायाधीशाच्या खुर्चीशेजारी राजा, निकाल वेगळा कसा लागणार.

पुढची शंभरएक वर्षं मार ही राजघराण्याची खिरापत झाली, कधी धाकट्या राजपुत्राला, कधी राजाच्या भावाला, त्यात खोल जात नाही.

मग १५६५. स्कॉटलंडची मेरी राणी. तिनं २३ जूनला लॉर्ड जॉन अर्स्किनला चार्टर (राजसनद) दिला, त्यात साफ लिहिलं की याच्या पूर्वजांवर अन्याय झाला होता, हा रॉबर्टचा वारस आहे, म्हणून मारचा मुलूख याला आणि याच्या वारसांना परत. "परत" म्हणजे जुनाच हक्क पुनर्स्थापित, नवीन देणगी नाही. सव्वा महिन्यानं राणीनं डार्नली नावाच्या सरदाराशी लग्न केलं आणि त्या सुमारास अर्स्किन अर्ल म्हणून वावरू लागला. १६०६ मध्ये स्कॉटलंडच्या सगळ्या सरदारांची मानाची क्रमवारी सरकारनं लावली, तिच्यात मारला १४५८ च्या रॉथेसच्या अर्लच्याही वर बसवलं. १५६५ चा नवा किताब असता तर तो पार खाली गेला असता. तेव्हाच्या लोकांना तरी शंका नव्हती.

मधली एक उडी. १७१५ मध्ये या घराण्यातल्या अर्लनं जेकबाइट (गादी गेलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचं) बंड केलं, ब्रेमारला झेंडा रोवला, शेरिफमुइरला लढाई अर्धवट सोडली आणि पुढच्या वर्षी त्या स्टुअर्ट राजपुत्रासोबत जहाजात बसून पळाला. पक्ष एवढे बदलले की लोक त्याला 'डुलता जॉन' म्हणायचे. किताब जप्त. १८२४ मध्ये तो परत दिला तो जॉन फ्रान्सिस अर्स्किनला, ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्याला, पुढच्याच वर्षी तो गेला. पण त्याचं नातं बघा साहेब: बंडखोर अर्लच्या मुलीचा मुलगा. आणि त्याचे वडील त्याच घराण्यातले, त्या मुलीचे चुलत भाऊ. म्हणजे बाईकडून धरा की पुरुषाकडून धरा, वारस तोच. त्यामुळे १८२४ मध्ये मूळ प्रश्न सुटलाच नाही, झाकला गेला, आणि १८६६ मध्ये निपुत्रिक अर्ल वारला तेव्हा झाकण उडालं.

भाचा जॉन फ्रान्सिस अर्स्किन गुडीव्ह, यानं आईचं आडनाव जोडून घेतलं आणि मारचा अर्ल म्हणून सही करू लागला, सुरुवातीला लोकांनी मानलंही. केलीच्या अर्लनं १८६७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे (पार्लमेंटचं सरदारांचं सभागृह) अर्ज टाकला. १८७२ मध्ये अर्जदार वारला, मुलानं केस पुढे चालवली. १८७५ मध्ये लॉर्ड्सच्या कमिटीनं निकाल दिला: जुनं अर्लडम पंधराव्या शतकातच राजाच्या हाती जाऊन संपलं, १५६५ मध्ये राणीनं लग्नाच्या वेळी नवीनच किताब निर्माण केला असला पाहिजे, त्याचा कागद उपलब्ध नाही, आणि कागद नसला की तो फक्त पुरुष वंशात चालतो असं धरायचं. म्हणून केली जिंकला.

आता तुम्हीच सांगा. जो चार्टर समोर आहे, जून १५६५ चा, तो जुना हक्क परत म्हणतो. जो चार्टर कोणी कधी पाहिला नाही त्याच्या आधारावर निकाल. माझ्या मते हा निकाल कागदावर नाही, व्हिक्टोरियन लॉर्ड्सच्या डोक्यातल्या "किताब म्हणजे पुरुषाचा" या समजुतीवर लागला. आणि हे म्हणणारा मी एकटा नाही, स्कॉटलंडचे बरेच सरदार आणि वकील खवळले. क्रॉफर्डच्या अर्लनं दोन जाडजूड खंड लिहिले या एका निकालाविरुद्ध, ते छापून यायच्या आधीच तो वारला, आणि वर त्याचं प्रेत कोणीतरी घराण्याच्या तळघरातून चोरून नेलं, १८८२ मध्ये सापडलं. त्याचा या केसशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी १८८५ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला. जुनं अर्लडम कधी संपलंच नव्हतं, ते बायकांकडूनही चालते, ते भाच्याचं. आणि १८७५ च्या निकालानं केलीला मिळालेलं १५६५ वालं, ते त्याच्याकडे राहू द्या. लॉर्ड्सना खोटं पाडायचं नाही आणि भाच्यालाही उपाशी ठेवायचं नाही. एका नावाचे दोन सातबारे, दोन्हीवर सरकारी शिक्का. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून शेवटचा वैध दस्त हा कायदा, पण माझं मत विचाराल तर खरा दस्त १४०४ च्या डिसेंबरचा.

किल्ड्रमीच्या लोहाराच्या घशात उकळतं सोनं ओतलं हे खरं का हो भाऊ? यूट्यूबवर पाहिलं.
(सक्करदरा)

किल्ला फितुरीनं पडला हे खरं धरतात, सोन्याचं मात्र नंतरच्या लोककथेतलं दिसते. १३०६ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्रानं वेढा घातला होता, आत रॉबर्ट ब्रूसचा भाऊ नील. वेढ्यानंतर सत्तरेक वर्षांनी रचलेल्या एका काव्यात येतं की ऑसबर्न नावाच्या लोहारानं नांगराचा फाळ लालबुंद तापवून धान्याच्या साठ्यात फेकला, आग लागली, किल्ला गेला. नील ब्रूसला बेरिकला नेऊन मारलं. सोनं ओतलं वगैरे ऐकायला बरं वाटते, "गद्दाराला मागितलं तेवढं दिलं" टाईप. त्यापेक्षा त्याच किल्ल्याची १३३५ ची गोष्ट भारी आहे, ब्रूसची बहीण क्रिस्टिना, जी आधी मारच्याच अर्लची बायको होती, तिनं हा किल्ला वेढ्यात धरून ठेवला आणि तिचा तेव्हाचा नवरा अँड्र्यू मरे फौज घेऊन धावून आला, ३० नोव्हेंबरला कलब्लीन इथल्या लढाईत त्या वेढा घालणाऱ्यालाच कापला. यावर व्हिडिओ नाही बनवत कोणी.

लॉर्ड डलहौसी पण स्कॉटिश अर्ल होता ना? मग बायकांकडून वारसा चालतो हे त्याला माहीत नव्हतं का? आपल्या भोसल्यांना मात्र "मुलगा नाही" म्हणून खालसा केलं. हे बरोबर दिसत नाही.
(इतिहासप्रेमी, जुनी शुक्रवारी)

होय, अगदी. जेम्स रॅमसे, डलहौसीचा दहावा अर्ल. तो किताब मध्ययुगीन नाही, १६३३ चा, आणि पुरुष वंशात चालणारा, पण मारसारखी उदाहरणं तिथल्या सरदारांना पाठ असतात, त्याला माहीत नसेल असं मला नाही वाटत.

नागपूरचं प्रकरण थोडं बारकाईनं बघा. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला गेले, पोटी मुलगा नाही. पण हे तिसरे रघुजी स्वतः कोण? दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातले बाजीबा, १८१८ मध्ये आप्पासाहेबांना काढल्यावर दत्तक घेऊन गादीवर बसवलेले, आणि बसवताना इंग्रजच सोबत उभे होते. मुलीकडून वारसा आणि वर दत्तक, दोन्ही तेव्हा चाललं. पस्तीस वर्षांनी दुसऱ्या रघुजींची राणी बाकाबाई आणि इतर राण्यांनी नात्यातलाच यशवंतराव दत्तक घेतला, जानोजी नाव ठेवलं, तर ते नाही चाललं. इथला रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) मॅन्सेल याचा सूर घराणं चालू ठेवावं असा होता, तो डलहौसी साहेबाला आवडला नाही. डलहौसीचं म्हणणं असं की १८१८ चं राज्य आम्हीच दिलेलं होतं, देणाऱ्याला परत घेता येते. १४५७ मध्ये अ‍ॅबर्डीनला राजा दुसरा जेम्स याच सुरात बोलला असता. १८५४ मध्ये राज्य खालसा, हत्तीघोडे आणि जवाहीर लिलावात. १८५७ च्या धामधुमीनंतर जानोजींना 'राजे बहादूर' किताब आणि सातारा जिल्ह्यातलं देऊर दिलं, राज्य नाही.

एक फरक मान्य करायला पाहिजे, मारचं भांडण शेवटी मानापानाचं राहिलं होतं, मुलूख केव्हाच तुकडे होऊन विकला गेलेला. नागपूरला खरं राज्य होतं, कापूस होता, महसूल होता. म्हणून तिकडे पार्लमेंट दोन्ही बाजूंना खूश करू शकलं, इकडे कोणालाच करायचं नव्हतं.

आणि साहेबाच्या स्वतःच्या घरचं? इथून जाताना तो मार्क्विस (अर्लच्या वरचा किताब) झालेला होता, तो किताबही पुरुष वंशापुरताच. १८६० मध्ये वारला. दोन मुली, मुलगा नाही. मार्क्विसचा किताब तिथंच संपला. अर्लचा जुना किताब चुलत घराण्यातल्या फॉक्स मॉल याला गेला, जो क्रिमियन युद्धाच्या वेळचा युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर. मुलींना काही नाही. जुनी शुक्रवारीवाले याला काय म्हणतील ते मला माहीत आहे, छापता येत नाही.

मारची आत्ताची काउंटेस म्हणजे काय नुसती टोपी घालून घोड्यांच्या शर्यतीला जाणारी बाई का?
(धरमपेठ)

नाही हो. काउंटेस म्हणजे अर्लचा किताब असलेली बाई, आणि ही मार्गारेट, जुन्या अर्लडमची ३१ वी धनी, १९७५ मध्ये वडील गेल्यावर तिला किताब मिळाला, म्हणजे १८८५ च्या कायद्याचा सरळ उपयोग. इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये तिनं शेळ्या पाळल्या आणि चीज बनवून विकलं. १९८९ मध्ये मेंढ्यांना गोचिडासाठी बुडवतात त्या औषधाच्या विषानं ती आजारी पडली, ऑर्गॅनोफॉस्फेट, आपल्या यवतमाळकडे फवारणीत शेतकऱ्यांना विषबाधा होते त्याच जातीचं. त्यानंतर हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये वर्षानुवर्षं तिनं मंत्र्यांना त्यावर प्रश्न विचारून हैराण केलं. १९९९ मध्ये वंशपरंपरेनं बसणाऱ्यांपैकी ९२ सोडून बाकीच्यांना बाहेर काढलं, त्यात निवडून येऊन ती टिकली, आणि २०२० मध्ये निवृत्त झाली तेव्हा त्या ९२ मध्ये ती एकटीच बाई उरलेली होती. तिच्यानंतरची वारस म्हणून नाव लागलं तेही मुलीचंच. दुसरीकडे १५६५ वाला मार केलीच्या घराण्यात पुरुषांकडे चालू आहे, आणि हे दोन्ही मार बरीच वर्षं लॉर्ड्समध्ये एकाच वेळी सभासद होते.

संत्रावाले, पुढच्या अंकात नक्की. फोटो पाठवताना खोडाचा खालचा भाग दिसू द्या, नुसती पानं पाठवून डिंक्या कळत नाही.